मॅकरे साहेबाचा कौल

मी गुरव आहे. माणसं देवीला काय काय विचारतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला आहे. हरवलेली म्हैस कुठल्या अंगाला गेली, विहीर आंब्याखाली खणू की फणसाखाली, यंदा पोरीला उजवू की थांबू. विचारून झालं की करतात ते आपल्या मनात असतं तेच. पण गोल्फ नावाच्या खेळात सगळ्यात थोर खेळणारा कोण, हा प्रश्न आई वाघजाईपुढे ठेवायची पाळी आली ती फक्त माझ्यावर. माझ्या बापाने हे ऐकलं असतं तर मला गाभाऱ्यात पाय टाकू दिला नसता.

आमची वाडी बोर्ली पंचतनच्या मागे, डोंगराच्या अंगाला. भातशेती सगळ्यांची, आणि ती वर्षभर कुणालाच पुरत नाही. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. गुणाजी आणि कोंडाजी मात्र भलत्याच कामाला लागले. गुणाजीच्या मामाची ओळख होती, तिच्या जोरावर दोघे चेंबूरच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर कॅडी झाले.

कॅडी म्हणजे साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालणारा माणूस. खेळ असा, की लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीने मारत मारत लांबच्या एका भोकात घालायचा. कमी फटक्यांत घालील तो जिंकला. भोकाला ते होल म्हणतात. होलच्या जवळ आलं की जमीन कुठे कलली आहे, चेंडू किती वळेल, हे साहेब कॅडीला विचारतो आणि त्याच्या सांगण्यावर काठी चालवतो. हे सगळं त्या दोघांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की काठी हातात न धरता मी या खेळात मुरलो आहे.

गुणाजी ज्याची पिशवी उचलायचा तो मॅकरे साहेब. विलायतेत हा खेळ जिथे जन्मला म्हणतात, तिथलाच. उंच, तांबडा, बोलायला कमी. कोंडाजीचा धनी बेजनजी शेठ. पारशी, कापसाचा व्यापारी, पोट सुटलेलं, पण चेंडू कधी वाकडा गेला नाही असं कोंडाजी शपथेवर सांगायचा. स्वराज्य आल्यावर वर्षभरात मॅकरे आपल्या देशी निघून गेला आणि गुणाजीही गावी परतला. पुढे कोंडाजीचा गुडघा धरला, तेव्हा तोही आला. आणि मग सुरू झालं.

रोज संध्याकाळी, गुरं गोठ्यात बांधून झाली की दोघे देवळाच्या पारावर येऊन बसत. सगळ्यात थोर कोण? मॅकरे की बेजनजी? मी दिवाबत्तीची तयारी करत असायचो, कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐकायचो.

"माझ्या सायबाचा बॉल गेला की त्यो पडला कुटं ते बगायला घार व्हावं लागायचं," गुणाजी म्हणायचा.

"लांब काय, धोंडा पन जातो. होलात कुनाचा जातो ते बोल," कोंडाजीचं ठरलेलं उत्तर.

मग कोंडाजी माझाच झाडू उचलून अंगणातल्या धुळीत मैदान काढायचा. इथे पाणी, इथे वाळूचा खड्डा, इथे बेजनजी शेठने कसा वळवून घातला. मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडत बसायचो. एकदा कोंडाजीचा पुतण्या सदू मुंबईहून चित्रांचं इंग्रजी मासिक घेऊन आला. त्यात होगन नावाच्या अमेरिकन खेळाडूचा फोटो होता. मोटारीच्या अपघातात त्याची हाडं मोडली होती, पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, आणि तो उठून पुन्हा अमेरिकेची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला. हे सगळं सदूनेच वाचून सांगितलं. कोंडाजीने लगेच यादी फिरवली. पहिला होगन, दुसरा बेजनजी शेठ.

गुणाजी बराच वेळ तो फोटो बघत बसला. मग म्हणाला, "आसंल मोटा. पण म्यां त्याची बॅग उचलली न्हाय. जो मानूस म्यां चार पावलांवरनं बगितला न्हाय त्याला पयला कसा म्हनू?"

मला तेव्हा वाटलं, म्हणणं चुकीचं नाही. आमच्या देवळातही मी हेच बघतो. माणूस लांबून मोठा दिसतो तो वेगळा, आणि हात जोडून चार पावलांवर उभा राहतो तो वेगळा.

आता हा सगळा प्रकार ऐकणाऱ्याला गमतीचा वाटेल. परक्या मुलुखाचा खेळ, परके साहेब, आणि भांडणारे आमचे हे दोन कुणबी. पण गुणाजीच्या बाजूने त्यात गंमत नव्हती, आणि ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

स्वराज्य आलं त्याच हिवाळ्यात त्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली. शेवटच्या झुंजीला मॅकरे आणि बेजनजी समोरासमोर आले. म्हणजे पिशव्या घेऊन गुणाजी आणि कोंडाजीही समोरासमोर. त्याच आठवड्यात इकडे गुणाजीची मैना तापाने पडली. एकुलती एक पोर, शेळीच्या मागे डोंगरावर धावणारी. रंगूने, म्हणजे तिच्या आईने, मुंबईला जाणाऱ्या दयारामकडे निरोप धाडला, की असाल तसे या. निरोप पोचला. पण गुणाजी झुंज होईपर्यंत थांबला. झुंज संपवून बोटीने दिघीला उतरला, बोर्लीवरून चालत घरी आला, तेव्हा मैनाला पुरून झालं होतं.

रंगू त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने आकांत केला असता तर बरं झालं असतं असं माझी बायको म्हणते, आणि मलाही तसंच वाटतं. ती वेळेवर वाढायची, लावणीला त्याच्या शेजारी वाकायची, दुखलंखुपलं तर शेकही द्यायची. पण घरात गोल्फचं नाव निघालं की हातातलं काम टाकून मागल्या दारी जायची. म्हणून तर हे दोघे माझ्या पारावर येऊन भांडत.

आणि ती झुंज मॅकरे हरला होता.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यातलं गणित असं, की साहेब खरंच थोर असेल तर गुणाजीला निदान एवढं म्हणता येईल, थांबलो ते एका मोठ्या माणसासाठी थांबलो. साहेब सोम्यागोम्या निघाला तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. म्हणून तो मॅकरेला आभाळात चढवायला लागला की वाडीतलं कुणी त्याला खाली ओढत नसे. मी तर दोनदा मुद्दाम हो म्हटलं, जरी त्याच्या साहेबाला मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कोंडाजीही मनाने वाईट नाही. पण वाद तोंडात आला की त्याला पुढचं मागचं दिसत नाही.

एकोणसाठ सालच्या शिमग्याच्या तोंडावर ते घडलं. कोंडाजी झाडूने धुळीत शेवटचा होल काढत होता आणि बोलता बोलता म्हणाला, "थोर, थोर म्हनतोस. हातभर लांबीवरनं चुकला तुजा सायेब. शेवटच्या फटक्याला. घालता तर कप त्याचा व्हता. म्हातारी बाई केरसुनीनं घालील त्यो बॉल. आसला मानूस पंगतीत कडंला पन बसत न्हाय."

गुणाजी उठला. चिडला नाही, काही नाही. खांद्यावरचं फडकं झटकलं आणि चालू लागला. कोंडाजी माझ्याकडे बघून हसायला गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याचा चेहरा असा पडला की मला त्याला बोलवेना. पण मी बोललोच. म्हटलं, "कोंड्या, जिभेला हाड नाही तुझ्या." तो झाडू भिंतीला टेकवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गुणाजी पारावर आला नाही. तिसऱ्या दिवशी कोंडाजी त्याच्या दारात गेला, तर तो मागल्या बाजूला लाकडं फोडत राहिला. आणि शिमगा आला.

शिमग्याला आईची पालखी निघते. पुढच्या दांडीचा मान या दोन घरांचा. उजवा खांदा गुणाजीच्या घराचा, डावा कोंडाजीच्या. एकाने खांदा दिला नाही तर पालखी देवळाबाहेर पडत नाही, अशी आमची रीत. आणि गुणाजीने गावकीत येऊन सांगितलं, की याच्याबरोबर मी दांडीला खांदा लावणार नाही.

गावकीचा पुढारी अंबाजी. त्याने समजावलं, दरडावलं, शेवटी हात टेकले. "मंग तुजं म्हननं काय, ते तरी सांग."

"आईला इचारा," गुणाजी म्हणाला. "माजा सायेब थोर व्हता का न्हाय. ती न्हाय म्हनली तर कोंड्याचं खरं. म्यां गप खांदा देईन."

मला राग आला. मी म्हटलं, "आईला गोल्फ कळतो का रे? उद्या म्हणाल गिरणीचा भोंगा कधी वाजतो ते विचारा."

अंबाजी शांतपणे म्हणाला, "रावजी, तिला कळत न्हाय आसं काय हाय? तू कौल लाव."

आता कौल म्हणजे काय ते सांगतो. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या. मग प्रश्न मांडायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्हीतली एकही पडली नाही, तर आमच्या देवळात त्याचा अर्थ एकच. विचारणाऱ्याने काहीतरी पोटात ठेवलं आहे. ते आधी बोलायचं, मग आई उत्तर देते. या रीतीने भावाभावांनी चोरून सरकवलेले बांध उघडे पडताना मी पाहिले आहेत, आणि एकदा तर चोरीला गेलेली नथ विचारणाऱ्याच्याच कनवटीतून निघाली होती.

पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी कौल लावला. गुणाजी समोर बसला, कोंडाजी त्याच्या मागे. अंबाजी आणि चार माणसं सभामंडपात. बायका पायऱ्यांवर. त्यांच्यात रंगू होती. ती का आली हे मला कळेना, कारण विषय तर तोच होता ज्याचं नाव निघालं की ती उठून जायची.

मी गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, डोंगराच्या धनिणी, तुझं लेकरू गुणाजी तुझ्या पायाशी बसलंय. त्याचं म्हणणं असं, की त्याचा धनी मॅकरे साहेब त्याच्या खेळात सगळ्यांत थोर होता. तसं असेल तर उजवी दे. तसं नसेल तर डावी दे." आई हसत असेल असं मला तेव्हा वाटलं. पण मागे कुणी हसलं नाही.

पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही बसून राहिलो. समईची वात मी एकदा सारली. उन्हाची तिरीप उंबऱ्यापर्यंत आली, तरी उजवी तिथेच, डावी तिथेच.

मी वळलो. "काहीतरी राहिलंय गुणाजी. पोटात असेल ते बोल."

त्याने पाषाणाकडे बघून हात जोडले. मग बोलायला लागला, आणि माझ्याशी नव्हे, देवीशी बोलला.

"आये, त्यो बॉल सायेब चुकला न्हाय. शेवटच्या होलला हातभर ऱ्हायला व्हता. सायबानं मला इचारलं, किधर? म्यां वाकून गवत बगितलं. रोजचं गवत, रोजची जमीन, डोळं मिटून सांगावं आशी. पन मला गवत दिसंना. मला घोंगडीवर पडलेली पोर दिसाया लागली. तोंड सुकल्यालं. म्यां म्हनलं, सीधा. जमीन डावीकडं कलली व्हती. त्यानं म्यां सांगितलं तसाच, सरळ मारला. होलाच्या कडंनं गेला."

कोंडाजीने मान वर केली.

"त्यानं माज्याकडं बगितलं. त्याला कळलं चूक कुनाची ते. पन भवताली समदी इचाराया लागली, काय झालं, कसं झालं, तवा म्हनला, माझा हात हलला. माजं नाव घेतलं न्हाय. कवाच घेतलं न्हाय. मंग मला झाडाखाली नेलं आन इचारलं, घर में क्या हुआ? म्यां सांगितलं. तर त्याचं तोंड पांडरं पडलं. म्हनला, पहले क्यूं नहीं बोला? बॅग तो मैं खुद उठा लेता."

बाहेर कुणाची तरी बांगडी वाजली.

"त्यो लहान मानूस आसता, तर म्यां म्हनलं आसतं, त्यानं मला सोडलं न्हाय. पन त्यो सोडनार व्हता, आये. म्यां इचारलंच न्हाय. म्यां मनानंच धरून चाललो, की आपून गेलो तर सायेब हरंल. म्हनून म्यां रोज म्हनतो, त्यो थोर व्हता. त्यो जेवडा थोर, तेवडा माजा गुना मोटा."

मी आयुष्यभर माणसांचे प्रश्न ऐकत आलो, आणि या माणसाचा प्रश्न इतकी वर्षं उलटा ऐकत होतो. आम्ही सगळेच. आम्हाला वाटायचं हा स्वतःला सोडवून घेतोय, म्हणून आम्ही दयेपोटी माना हलवायचो. तो तर रोज संध्याकाळी पारावर बसून स्वतःला फटके मारून घेत होता, आणि कोंडाजी साहेबाला लहान करून नकळत ते फटके हलके करत होता. वर चूक गुणाजीची, आणि बोल मात्र साहेबाला. मला फार लाज वाटली, आणि वाईटही वाटलं. मी गुरव असून मला रडू आवरेना.

कोंडाजी पुढे सरकला. त्याचा गुडघा नीट वाकत नाही, तरी तो गुणाजीच्या शेजारी फरशीवर बसला. "मंग माजा शेठ जिकला न्हाय," तो म्हणाला. "त्यो कप घरी नेला आमी. पेढे खाल्ले."

गुणाजीने खांद्यावरचं फडकं काढून त्याच्या गुडघ्याखाली सारलं.

तेवढ्यात रंगू पायऱ्या चढून आत आली. कौल लागलेला असताना बाई मंडपात येत नाही. पण तिला थांबवायला कुणी उठलं नाही, मीही नाही. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमाला गवत दिसलं न्हाय?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मैना दिसली?"

"व्हय."

"घोंगडीवर?"

"घोंगडीवर. निळ्या काठाच्या."

ती त्याच्यासमोर खाली बसली. मग पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर रडली. "मला वाटायचं तुमी खेळात रमला व्हता," ती म्हणाली. "ती तुमचं नाव घेत व्हती, आन तुमी तिकडं आनंदात पळताय, आसं मला दिसायचं. रोज दिसायचं. तुमचा बॉल चुकला हे मला कुनी सांगितलंच न्हाय."

कुणी कसं सांगणार? साहेब हरला एवढं वाडीला माहीत होतं. हरण्याचं कारण एकट्या गुणाजीला माहीत होतं, आणि ते ऐकायला जिचा हक्क होता ती खेळाचं नाव निघताच उठून जात होती.

पाकळ्या तशाच होत्या. अंबाजीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. रीतीप्रमाणे आता प्रश्न पुन्हा मांडायला हवा होता. मी उठून दोन्ही पाकळ्या हाताने काढल्या आणि तीर्थाच्या तांब्यात टाकल्या. अंबाजी म्हणाला, "बरं केलंस," आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. उजव्या खांद्याला गुणाजी, डाव्याला कोंडाजी. कोंडाजीचा गुडघा, त्यामुळे पालखी जरा डावीकडे कलत चालली होती. गुणाजी आपला खांदा वाकवून घेऊन चालत होता.

शिमगा उतरला आणि एका संध्याकाळी मी अंगण झाडून हुश्श करतोय तोच तिघं आली. कोंडाजी, गुणाजी, आणि मागून रंगू. ती पाराच्या टोकाला बसली, पदर सारखा केला. कोंडाजी अवघडला. आता तिच्यासमोर खेळाचं कसं काढायचं, म्हणून तो पावसापाण्याचं बोलायला लागला.

"त्यो शेवटचा फटका सांगा," रंगू म्हणाली.

कोंडाजीने माझा झाडू उचलला आणि धुळीत होल काढला. जमीन कुठे कलली होती ते दाखवायला त्याने एका बाजूला माती ओढली. आज मी त्याला खुशाल माती ओढू दिली.

"सायेब काठी घेऊन हुबा ऱ्हायला," गुणाजी म्हणाला.

"तिथनं नगं," रंगू म्हणाली. "त्याच्या फुडनं. तुमी वाकलात आन तुमाला ती दिसली, तिथनं सांगा."